मिरचीच्या हंगामातलं बाळंतपण

भादवा निम्मा झाला की आमच्या गावाला हिरव्या मिरचीचा वास सुटतो. ज्यांना फोडणीतली मिरची तेवढी माहीत आहे, त्यांना हा वास सांगून कळायचा नाही. तो नाकाला झोंबत नाही. ओल्या गवतासारखा, जरासा गोडसर असतो, आणि तोडणीहून आलेल्या बायांच्या पदराला, पोत्यांना, टेम्पोच्या फळ्यांना दिवाळीपर्यंत चिकटून राहतो. धामणगाव बढ्याच्या बाजाराला जाणारे टेम्पो संध्याकाळी दारावरून जातात, तेव्हा घरात बसूनही कळतं की आज कुणाच्या तरी वावरात तोडणी होती.

परवा या वर्षीचा पहिला टेम्पो गेला. मी भाकरी थापत होते. वास आला आणि माझे पिठाचे हात आपोआप पाठीमागे गेले. तशीच उभी राहिले.

"वैशाली, भाकर जळून राह्यली वं," बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला असंच म्हणतात. मी हलले नाही तशा त्या आत आल्या. आधी तव्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या हातांकडे. करपलेली भाकरी उतरवली, पाटावर बसल्या आणि पुढच्या भाकरी स्वतःच थापायला लागल्या.

मला पाचवा महिना आहे. मोठी मुलगी ईश्वरी सहा वर्षांची झाली. तिच्या जन्माचा तो हंगाम मी इतकी वर्षं कुणाला नीट सांगितला नाही. आता पुन्हा पोटात जीव हलायला लागलाय, आणि तो हंगामही हलायला लागलाय.

त्या वर्षी चैत्रात माझी आई गेली. माझं माहेर जानेफळचं, मेहकर तालुक्यातलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं आणि आईनं त्याची तयारी माझं लग्न झालं तेव्हापासूनच केली होती. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. डिंक आणून डब्यात भरला होता. मला पाचवाच महिना होता. आई ताप येऊन दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. तेराव्याला भाऊ म्हणाला, "ये तू बाळंतपणाले, काऊन नाही येत?" पण वहिनीचं स्वतःचं पोर अंगावर पीत होतं, आणि आई नसलेल्या त्या घरात मला जावंसंच वाटेना. निघताना भावानं दुपट्यांचं गाठोडं हातात दिलं. त्याला आईच्या पेटीतल्या कपड्यांचा वास होता. मी ते सासरी आणलं आणि कितीतरी दिवस सोडलंच नाही.

रडायला मात्र वेळ मिळाला नाही. ज्येष्ठात मिरचीची लागवड असते. दीड एकर वावर, काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्याला पाडलेल्या भोकांमधून एकेक रोप दाबायचं. मी सातव्या महिन्यात वाकून रोपं लावली. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. रोपं आली होती, वाफसा होता, मजूर बाया मिळत नव्हत्या, आणि घरातल्या सगळ्यांनीच कंबर वाकवली होती. पोट आड यायचं म्हणून मी गुडघ्यांवर चालत लावायची. पाय सुजले की संध्याकाळी त्यात बोटाचा खड्डा पडायचा. उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, रक्त कमी आहे, गोळ्या घे, आराम कर. गोळ्या घेतल्या. आराम कसा करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्याबाईंनाही नाही, त्यांनी तो कधी केलाच नव्हता.

ईश्वरी श्रावणात झाली. बाळंतपण अडलं नाही, पोर चांगलं वजनाचं. माझ्या नवऱ्यानं, गजाननानं, मोताळ्याहून पेढे आणले. आत्याबाईंनी बाजेखाली शेगडी ठेवली, ओव्याची धुरी दिली, कान बांधले, शेपूची भाजी करून घातली. त्यांनी काही कमी केलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण अंगाला तेल लावताना त्यांचा हात माझ्या पाठीवर फिरला की मला दुसराच हात आठवायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करायची. त्यांना वाटायचं, पोरीला झोप येतेय.

झोप येत नव्हती. पोर झोपलं तरी मी जागी. पोर रडलं की मी दचकायची, जणू कुणी अंगावर ओरडलंय. शेजारच्या बाया बघायला यायच्या, गाल ओढायच्या, म्हणायच्या, कशी लक्ष्मी आली घरात. मीही हसायची. आतून वाटायचं, हे कुणाचं तरी पोर माझ्याकडे सांभाळायला दिलंय आणि न्यायला कुणी येत नाहीये.

सव्वा महिना झाला आणि तोडणी लागली. मिरची थांबत नाही. आज नाही तोडली तर चार दिवसांत झाडावर लाल होते, मग तिला हिरवीचा भाव नाही. बांधावरच्या लिंबाला आत्याबाईंनी लुगड्याची झोळी बांधली. त्या झोळी हलवायच्या आणि मी ओळीत. खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. चार बायांत होते, हाताला काम होतं, आभाळ दिसत होतं.

पण तोडणीच्या हाताला आग होते. देठ मोडताना थोडासा रस लागतो, दिवसभरात तो कातडीत जिरतो, आणि संध्याकाळी बोटं निखाऱ्यावर धरल्यासारखी होतात. पाण्यानं धुतलं तर जास्तच. सगळ्या बायांचे आपापले उपाय असतात. मी आधी ताकात हात बुडवायची, मग बेसन चोळायची, मग खोबरेल तेल. मगच पोरीला घ्यायची.

नवरात्राच्या तोंडावर एका संध्याकाळी मी तसंच सगळं केलं आणि तिला पाजायला घेतलं. नखात काही राहिलं असेल. तिनं तोंड लावलं, क्षणभर ओढलं, आणि थांबली. चेहरा लाल झाला. श्वास आत गेला तो बाहेरच येईना. मग अशी किंकाळी फोडली की गजानन बैल सोडता सोडता धावत आला. घाबरून मी तिचा चेहरा पुसायला गेले, आणि तेच बोट तिच्या डोळ्याला लागलं.

आत्याबाईंनी तिला माझ्या हातातून घेतलं. गाईच्या दुधात कापूस भिजवून डोळा पुसला, ओठांना तूप लावलं. थोड्या वेळानं पोर हुंदके देत देत झोपलं. आत्याबाई म्हणाल्या, "होते असं. मिरचीवाल्याच्या घरची लेकरं अशीच मोठी होतात. रडू नको."

त्यांच्या लेखी ते तिथं मिटलं. माझ्या लेखी ते तिथून सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी हात धुवायला लागले. साबण, राख, माती, जे दिसेल त्यानं. धुऊन वास घ्यायची, मिरचीचा वास यायचा, पुन्हा धुवायची. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. चिरांमध्ये रस गेला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. तरी मला पटेना की हात स्वच्छ झाले. मला वाटायला लागलं की मिरची आता रक्तात उतरली, रक्तातून दुधात. आत्याबाईंना मी म्हणायची, "तुम्हीच लावा तिले अंगाले." त्या पोर माझ्या छातीशी धरायच्या आणि मी दोन्ही हात पाठीमागे, एका मुठीत दुसरी मूठ घट्ट धरून बसायची. माझं मूल मला पीत होतं आणि मी त्याला हात लावत नव्हते. पोर मधेच डोळे उघडून वर बघायचं. मी छताकडे बघायची.

गजाननाच्या हे लक्षात आलं. तो फार बोलणारा माणूस नाही. एका सकाळी मी पदर खोचून वावरात निघाले तर तो दारात उभा राहिला. "उद्यापासून नको. आजपासूनच नको," तो म्हणाला. "लाल झाली मिरची तं होऊ दे. हात बरे होऊ दे आधी."

त्या वर्षी भाव चांगला होता, तरी त्यानं निम्मी मिरची झाडावर लाल होऊ दिली. हे सोपं नव्हतं, आणि त्यानं ते कधी बोलूनही दाखवलं नाही. सगळ्यांना वाटलं, मूळ सापडलं. मलाही वाटलं. हाताची आग थांबली, चिरा भरल्या, कातडी पुन्हा मऊ झाली. आणि मी आणखी खोल गेले.

आता तर मिरचीचं निमित्तही उरलं नव्हतं. वावर नाही, बाया नाहीत, आभाळ नाही. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचं. आंघोळ म्हटलं की डोंगर. केस विंचरायला हात उचलवत नसे. दुपारी गजानन वावरातून येऊन विचारायचा, "बरं वाटते काय?" मी म्हणायची, "हाव." बाजारातून तो सीताफळं आणायचा, मला आवडतात म्हणून. टोपलीत ती मऊ पडून काळी झाली, त्यांच्यावर चिलटं बसली, आणि मला ती उचलून फेकतासुद्धा आली नाहीत. पडल्या पडल्या एकच विचार यायचा, शांतपणे, हिशोब जुळावा तसा: या पोरीचं माझ्याशिवाय चांगलं होईल. आजी आहे, बाप आहे. मी आहे म्हणूनच तिला त्रास आहे.

हा विचार मला भयंकर वाटत नव्हता, हेच सगळ्यांत भयंकर होतं.

दसरा झाला होता. एका दुपारी आत्याबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या, पोर झोळीत झोपलेलं. मी मागच्या दारानं निघाले. आमचं वावर गावाला लागूनच आहे आणि वावराच्या टोकाला शेततळं. त्याच्या काठावर जाऊन उभी राहिले. मी तिथं काय करायला गेले होते ते मला माहीत होतं आणि वाचणाऱ्यालाही कळेल. त्यावर जास्त लिहीत नाही. पाणी हिरवट होतं. वारा नव्हता. मनात आई नव्हती, पोर नव्हतं, कुणीच नव्हतं.

तेवढ्यात बांधापलीकडे कुणाचं तरी करडू ओरडलं. दोन-चार दिवसांचं असेल, शेळी चरायला गेलेली. ते ओरडत राहिलं आणि माझा पान्हा फुटला. चोळी भिजली, छाती दुखायला लागली, दूध पोटावरून ओघळलं. मी खाली बघितलं. मनात सगळं संपलेलं होतं आणि अंगाला त्याची खबरच नव्हती. मी परत फिरले ते पोरीच्या मायेनं फिरले असं लिहिलं तर ते खोटं होईल. चोळी ओली होती आणि दुखत होतं, म्हणून फिरले.

मी ओल्या चोळीनं आत आले तेव्हा आत्याबाईंनी मान वर केली. त्यांनी माझे चिखलाचे पाय पाहिले. वावरात मला काही काम नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. हातातल्या शेंगा सुपात टाकून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "बैस. दृष्ट काढतो तुही."

त्यांनी मीठ, मोहऱ्या आणि सात लाल मिरच्या माझ्यावरून उतरवल्या. ओठांत काहीबाही पुटपुटल्या आणि सगळं चुलीत टाकलं. आमच्याकडे मानतात की नजर लागलेली असली तर मिरच्या जळतात पण ठसका येत नाही. आम्ही दोघी चुलीपुढे बसून वाट बघत होतो. आणि काय ठसका उठला! घर धुरानं भरलं. आत्याबाई खोकता खोकता ओसरीवर धावल्या, झोळीतलं पोर शिंकून जागं झालं, शेजारीण पलीकडून ओरडली, "काय जाळता हो बाई?" मी तिथंच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते धुराचं होतं की माझं, ते मला सांगता येत नव्हतं.

धूर निवल्यावर आत्याबाई परत आल्या. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. पदरानं नाक पुसलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा भीती पाहिली.

"नजर नाही लागली वं तुले," त्या म्हणाल्या. "मंग काय झालं?"

दोन महिन्यांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बरं वाटते काय, जेवली काय, झोपली काय, पोर पितं काय, हे सगळं विचारलं होतं. आत्याबाई उत्तराला थांबल्याच नाहीत. त्याच संध्याकाळी त्या उपकेंद्रात सिस्टरकडे गेल्या आणि परत येऊन गजाननाला म्हणाल्या, "उद्या बुलढाण्याले जा लागते. मनाच्या डॉक्टरकडं. मी घेऊन जातो तिले, तू लेकरापाशी राह्य."

गावात बातमी फुटू नये याची त्यांनी पुरती काळजी घेतली. स्टँडवर शेजारीण भेटली, कुठे निघालात म्हणाली. आत्याबाईंनी डोळ्याची पापणीही न लववता सांगितलं, "वैशालीले चष्मा काढाले चाललो. बाळंतपणानं नजर कमी झाली पोरीची." मला त्या दिवसांत हसू म्हणून आलं असेल तर ते तेव्हा, तेही ओठांच्या आत.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी घाई केली नाही. विचारत विचारत त्या तळ्यापर्यंत आल्या. "मरून जावंसं वाटलं का कधी?" मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मी म्हटलं, "हो." मग सगळं सांगितलं, तळं, करडू, हात, दूध. आत्याबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांच्या मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

डॉक्टर म्हणाल्या, हा आजार आहे. बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना होतो. आई गेल्याचं दुःख, अंगातलं कमी रक्त, झोप नाही, सगळं एकावर एक साचलं. दुधातनं काही जात नाही, हातात काही नाही. दूध पाजता येईल अशा गोळ्या देते. एकटीला ठेवू नका. लगेच उतार पडणार नाही, पण पडेल.

परतीच्या गाडीत आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. जत्रेत लेकरू हरवू नये म्हणून धरतात, तसं. गाव येईपर्यंत सोडलं नाही. राजूरच्या घाटात वळणं येतात, उभी माणसं एकमेकांवर पडतात, त्यांनी दुसऱ्या हातानं दांडीसुद्धा धरली नाही. एकदाच बोलल्या, खिडकीबाहेर बघत. "तुही आई असती तं तुले सांगता आलं असतं. मले काऊन नाही सांगितलं म्हणून नाही म्हणत मी. मले इचारता आलं नाही."

गोळ्यांनी एकदम काही झालं नाही. दिवाळी आली तशी गेली, मला तिचा एक दिवाही आठवत नाही. झाडं उपटून बांधावर पडली. कधीतरी थंडीत, मार्गशीर्षात असेल, मी ओसरीवर उन्हात बसले होते आणि लक्षात आलं की पोर माझ्या मांडीवर आहे आणि माझा हात तिच्या डोक्यावर आहे. तो तिथं कधीपासून होता, मला ठाऊक नाही. मी तो उचलला नाही, एवढंच.

यालाच बरं होणं म्हणायचं असेल तर मी बरी झाले. पण त्या चार महिन्यांचं पोर मला परत मिळालं नाही. ती पहिल्यांदा कधी हसली, कुशीवर कधी वळली, मला काही आठवत नाही. गजाननाच्या मोबाइलमध्ये तिचे फोटो आहेत, आजीच्या मांडीवरचे, बापाच्या खांद्यावरचे. ते मी शेजारच्यांच्या घरचा अल्बम बघावा तसे बघते. तिला ठेच लागली की आजही ती आधी आजीकडे धावते. मी उठेपर्यंत ती पोचलेली असते.

दुसरं मूल आम्ही ठरवलं नव्हतं. राहिलं तेव्हा मी कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंनी ओळखलं, आणि पहिल्यांदा विचारलं ते हे, "ठेवाचं हाये काय तुले? नसन ठेवाचं तं तसं सांग, मी पाहून घेईन सगळ्यायले." मी ठेवायचं म्हटलं. मग आम्ही बुलढाण्याला गेलो. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा होऊ शकतं, किंवा होणारही नाही. आधीपासून येत राहा, लपवू नका. यंदा गजाननानं मिरची अर्धीच लावली, बाकी वावरात मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. आत्याबाई मला वाकू देत नाहीत. सगळे सांभाळून आहेत, आणि तरी मी रोज सकाळी उठून आधी स्वतःच्या मनात चाचपून बघते, काही सडायला लागलंय का. परवा टेम्पोच्या वासानं हात पाठीमागे गेले तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. भीती आजाराची आहे की भीती हाच आजार आहे, मला कळत नाही. पौषात बाळ येईल. पौष फार लांब नाही.

काल शाळेतून आल्यावर ईश्वरी दप्तरासकट माझ्यापुढे येऊन उभी राहिली. तिला कुणी काय सांगितलं असेल कोण जाणे, गावात सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

"मम्मी, मी लहान होती तवा तू मले घेत नव्हती काय?"

आत्याबाईंनी ओसरीवरून मान वर केली. मी त्यांना नजरेनंच थांबवलं.

"नव्हती घेत," मी म्हटलं. "मी बिमार होती."

"कायची बिमारी?"

"मनाची."

तिनं थोडा विचार केला. मग माझ्या पोटाकडे बोट दाखवलं. "याले घेशीन ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ते तोंडापर्यंत आलंही. पण मी तिच्याशी खोटं बोलू शकले नाही. "घेईन," मी म्हटलं, "पण मले नाही जमलं तं पहिले आजी घेईन, मंग तुहे पप्पा घेतीन. मंग मी घेईन. मले येळ लागला तं लागू देजा."

"मी बी घेईन," ती म्हणाली. "मले जमते."

आणि दप्तर तिथंच टाकून खेळायला पळाली.